मशीनचं कपाळ

आमच्या सीएमएमला जे कचरा वाटतं ते ती मला न विचारता टाकून देते. माझं आणि धवलसरांचं पहिलं भांडण यावरूनच झालं होतं, आणि दुसरंही यावरूनच व्हायची वेळ आली.

सीएमएम म्हणजे मोजणारी मशीन. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर एक खांब, खांबाला सुई आणि सुईच्या टोकाला लाल मणी. तो मणी लोखंडी प्लेटवर टेकत टेकत फिरतो आणि दर टेकीला एक ठिपका देतो. इथं उंची इतकी, इथं इतकी. एका तळहाताएवढ्या प्लेटचे हजारो ठिपके जमतात. मग कॉम्प्युटर त्यांतले विचित्र वाटणारे ठिपके धूळ समजून फेकून देतो, उरलेल्यांचा खरखरीतपणा फिल्टरनं गाळतो आणि जे राहील त्यातून एक सपाट पातळी बसवतो. पातळी अशी, की सगळ्या ठिपक्यांशी मिळून तिचं कमीत कमी वाकडं असावं. त्या पातळीपासून ठिपके फार वरखाली नसले की पडद्यावर हिरव्या रंगात 'ओके' येतं. मला त्या हिरव्या रंगाचा मनापासून राग येतो. एवढे ठिपके गोळा करायचे आणि शेवटी पदरात काय, तर दोन अक्षरं!

मी दीक्षा. उद्यमनगरातल्या धवलसरांच्या कारखान्यात मोजणीचं काम माझ्याकडं आहे. आम्ही पंपात बसणाऱ्या पातळ पोलादी प्लेटा घासून सपाट करतो आणि त्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका पंपवाल्या कंपनीला देतो. प्लेट सपाट नसली तर तिच्या फटीतून तेल झिरपतं. सपाट म्हणजे किती, तर पाच मायक्रॉनच्या आत. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असले पाच मायक्रॉन दहाबारा वेळा तरी बसतील. पावण्यांना हे सांगितलं की ते डोक्यावरून हात फिरवून बघतात.

तर झालं होतं असं, की कागलहून तक्रारी यायला लागल्या होत्या. पंप गळतोय. सगळे नाही, पाचसहांतला एखादा. आमच्या रिपोर्टवर मात्र सगळ्या प्लेटा हिरव्यागार.

शनिवारी धवलसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, पण उत्तर सापडलं की प्रश्न ऐकून घेत नाही.

"रिपोर्ट ओके आहे म्हणजे प्लेट ओके आहे," ते म्हणाले. "म्हणजे नंतर कुठंतरी ठोकर लागतेय. ग्राइंडिंगवरनं काढताना, ठेवताना. यल्लाप्पा होता तेव्हा एक तक्रार नव्हती. जूनमध्ये आक्काताई मशीनवर आल्या आणि तेव्हापासून हे सुरू झालं. मंगळवारी नवीन माणूस येतोय. आक्काताईंना परत पॅकिंगला घालतो."

"सर, ठोकर लागली तर ओरखडा दिसेल. एकाही प्लेटवर ओरखडा नाही."

"मग तू सांग काय ते. सोमवारी सुट्टी. मंगळवारपर्यंत सांग."

आक्काताई म्हणजे आमच्या कारखान्यात मशीन चालवणारी पहिली बाई. शिरोळकडच्या गावची. नवरा गेल्यावर कोल्हापुरात आल्या आणि पॅकिंगला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडायचे तेव्हा या यल्लाप्पांच्या मागं उभ्या राहून ग्राइंडिंग मशीन बघायच्या. बघता बघता शिकल्या. यल्लाप्पा निवृत्त होऊन निपाणीकडं गेले तेव्हा त्यांनीच धवलसरांना सांगितलं, हिला द्या. पहिल्या दिवशी आक्काताई मशीनवर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी चप्पल काढून ठेवली होती. सुरक्षेच्या बुटात पाय घालायला मीच त्यांना दमात घेतलं. त्या मशीनवरून त्यांना उठवून पुन्हा खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला बसवायचं, या विचारानंच माझं डोकं तापलं.

केबिनमधून मी थेट सीएमएमच्या खोलीत गेले आणि मशीन बसवायला आलेल्या पोरांनी जी जी फेकाफेक लावून ठेवली होती ती सगळी बंद केली. कागलहून परत आलेली एक गळकी प्लेट ओट्यावर ठेवली. फिल्टर नाही, धूळ काढणं नाही. जसं आहे तसं.

पडद्यावर प्लेटचा रंगीत नकाशा आला. उंच भाग लाल, खोल भाग निळा, बाकी हिरवं. सगळी प्लेट हिरवी आणि एका कोपऱ्याजवळ मात्र एक निळा डाग. खड्डा! पाच मायक्रॉन चालतात तिथं हा बारातेरा खोल. डोळ्याला दिसत नव्हता, नखाला लागत नव्हता, पण तेलाला वाट पुरेशी होती. डाग इतका लहान, की हजारोंमध्ये त्याचा ठिपका शेकड्याला एखादाच. मशीननं त्यांना धूळ समजून फेकलं होतं आणि उरलेल्यांना ओके दिलं होतं. गुणवान मुलांचेच पेपर तपासून शाळेचा निकाल लावावा, त्यातली गत.

धूळ कुठंही पडते. मी दुसरी गळकी प्लेट लावली. डाग होता. तिसरी लावली, होता, आणि तिथंच होता. प्लेटला एका बाजूला खाच असते. खाच डावीकडं धरली तर डाग प्रत्येक वेळी उजवीकडं, खालच्या अंगाला. धूळ एवढी शिस्तीची नसते.

आता मला चेव आला. सरळ प्लेटवर पातळी बसवतात, तसा मी त्या डागाच्या कडेवर आकार बसवून बघायला लागले. गोल बसवला, तो नीट बसेना. लांबट गोल बसवला तर चपखल बसला. थोडा तिरका, एक टोक किंचित निमुळतं. पातळ प्लेट वाकली की खड्डा मूळ वस्तूपेक्षा पसरट येणार, म्हणून ती पसरण वजा केली आणि उरलेला आकार जसाच्या तसा, खऱ्या मापात कागदावर छापला. हे काय असेल? चिंचोका नाही. तेलाचा थेंब असा तिरका नसतो. कागद टेबलावर धरायला म्हणून मी बोट टेकलं आणि बघतच राहिले. ते बोट होतं. बोटाचं पेर.

माझं बोट त्यात टेकवलं तर चारी बाजूंनी निळं उरत होतं. म्हणजे माझ्यापेक्षा मोठं बोट. कागद घेऊन मी कारखानाभर हिंडले. लेथवाल्यांची बोटं, ड्रिलवाल्यांची बोटं, चहा आणणाऱ्या मावशींचं बोट.

"पोलिसांत भरती झालीस व्हय गं?" आक्काताई हसल्या. त्यांचं बोट टेकवलं तर माझ्यापेक्षाही लहान निघालं. मला एवढा आनंद झाला की मी त्यांना चहा पाजला. कारण मात्र सांगितलं नाही, आणि मंगळवारचं तर त्यांना माझ्या तोंडून कळू नये अशीच माझी इच्छा होती.

आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. मशीन कचरा फेकते खरी, पण मूळ ठिपके जुन्या फायलींत जपून ठेवते. मी त्या एकेक करून उघडल्या. यल्लाप्पांच्या काळातली एकही प्लेट डागाची नव्हती. मेमध्ये नाही. जूनमध्ये पहिला पुसट डाग, जेमतेम कळण्याइतका. मग जुलै, ऑगस्ट, दर आठवड्याला थोडा थोडा खोल. आक्काताई मशीनवर आल्या त्याच आठवड्यापासून. धवलसर म्हणत होते तेच, आणि आता तर पुराव्यानिशी. मी कॉम्प्युटर बंद केला आणि कळंब्याला घरी आले तरी आईशी धड बोलले नाही.

रविवारी आमचा कारखाना चालू असतो. सकाळी मी आक्काताईंपाशी गेले. ग्राइंडिंगच्या मशीनला खाली लोहचुंबकाचा सपाट पाट असतो. त्यावर प्लेटा ओळीनं मांडायच्या, बटण दाबलं की चुंबक त्यांना धरून ठेवतो आणि वरून दगडी चाक फिरत फिरत त्यांना घासतं. पांढरं दुधासारखं पाणी सतत सुटलेलं असतं. आमच्या पाटावर एका वेळी सहा प्लेटा बसतात.

"आक्काताई, आज एक काम करा. कुठल्या जागेवर कुठली प्लेट होती ते तिच्या कडेवर पेनानं लिहा. वरच्या अंगाला नको, कडेवर."

"का गं? काय झालंय?"

"बघायचंय मला."

"तुला काय ना काय बघायचंच असतंय," त्या म्हणाल्या, पण आकडे घातले.

सहा प्लेटा आल्या. मी एकापाठोपाठ एक मोजल्या. पाच स्वच्छ. सहावीला निळा डाग. दुसऱ्या खेपेला पुन्हा तसंच. पाटाचा पुढचा, उजवा कोपरा. म्हणजे पाचसहांतला एखादा पंप का गळतो, तेही समजलं. मी पळतच मशीनपाशी गेले.

"ती सहावी उचला."

आक्काताईंनी चुंबक सोडला आणि प्लेट उचलली. तिच्याखाली, पाटाच्या कोपऱ्यावर, कुंकवाचं बोट होतं. लालभडक, तेलकट, किंचित तिरकं, वरचं टोक निमुळतं. मी कागद त्याच्याशेजारी धरला. जुळ्या भावंडांसारखे दिसत होते.

आता हे मी रोज बघत नव्हते का? बघत होते की. रोज सकाळी आण्णा ताट घेऊन येतात. आण्णा म्हणजे गणपतराव, धवलसरांचे वडील. कारखाना त्यांनीच काढला. आता काम बघत नाहीत, पण सकाळी उदबत्ती ओवाळून प्रत्येक मशीनला तेलात कालवलेलं कुंकू लावतात. करंगळीशेजारच्या बोटानं. लेथला वर डोक्यावर, ड्रिलला खांबावर, आणि ग्राइंडिंगला या पाटाच्या कोपऱ्यावर. रोज पाहून पाहून माझ्याच डोळ्यांनी ते गाळून टाकलं होतं. सीएमएमला नावं ठेवणारी मी, काय बोलणार?

पण मग यल्लाप्पांच्या वेळी डाग कसा नव्हता? मी बाहेर जाऊन त्यांना फोन लावला.

"व्हय की, लावायचं की आण्णा," यल्लाप्पा ओरडूनच बोलतात, फोन असो वा नसो. "आण्णांची पाठ वळली की मी बोळ्यानं फर्रकन पुसायचो. खाली कायबी असलं तर पाटी कशी बसंल, तंगी?" पाटी म्हणजे प्लेट, आणि तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. ते मला पहिल्यापासून तसंच म्हणतात. "पर आण्णांना सांगू नको हं. म्हाताऱ्याला वाईट वाटंल."

परत आले तर आक्काताई सहावी प्लेट पुन्हा जागेवर ठेवत होत्या.

"आक्काताई, बाकीचा पाट तुम्ही दर खेपेला लख्ख पुसता. हे कुंकू तेवढं का ठेवता?"

"कुंकू म्हंजे काय कचरा व्हय?"

"तसं नाही. पण त्याच्या जाडीमुळं प्लेट वर उचलली जाते." खिशातली स्टीलची पट्टी काढून मी तिच्याखाली काडी ठेवली आणि दोन्ही बाजूंनी दाबली. मधे फुगवटा आला. "चुंबक अशी ओढतो. फुगलेला भाग चाक घासून टाकतं. आणि चुंबक सुटला की..." मी हात काढला, पट्टी सरळ झाली. "प्लेट सरळ होते आणि घासलेल्या जागी खड्डा राहतो. पुटावर पूट चढत चाललंय, म्हणून खड्डाही खोल होत चाललाय. पंप त्यानंच गळतात."

त्यांनी पट्टी स्वतः दाबून, सोडून बघितली. "म्हंजे माझ्यामुळं?"

"कुंकवामुळं. ते पुसलं की झालं."

"मी न्हाय पुसनार."

"मग ती जागा मोकळी सोडा."

"उघडं ठेवलं तर पान्यानं वाहून जातंय. म्हनून तर पाटी ठेवतो वर."

"बरं, मी पुसते. मला काही वाटत नाही." खरंच वाटत नव्हतं. आमच्या घरात आजीच्या पिढीपासून कुंकवाचा करंडा नाही. मी कापड पुढं केलं तर आक्काताईंनी माझं मनगट धरलं. लोखंड उचलणारा हात, चांगलाच घट्ट.

"र्‍हाऊ दे म्हनलं न्हवं," त्या म्हणाल्या, आणि चुंबकाचं बटण दाबलं.

दुपारी मी धवलसरांना बोलावलं. ते आले, आणि त्यांच्या मागून आण्णाही आले, त्यांना कुणी बोलावलेलं नसताना. आता काय करायचं? मी नकाशा दाखवला, पट्टी आणि काडीचा खेळ पुन्हा केला आणि शेवटी छापलेला आकार पुढं ठेवला. बोट कुणाचं ते मी बोलले नाही. आण्णांनीच चष्मा वर सारून कागद जवळ घेतला, आणि करंगळीशेजारचं बोट त्यावर टेकवलं. जरासुद्धा निळं उरलं नाही.

"माझ्या कुंकवानं पंप गळतोय?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "चाळीस वर्सं लावतोय. तवा न्हाय गळला कुठं तो!"

यल्लाप्पांचं गुपित माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं.

"आण्णा, लावू नका असं कोण म्हणतंय," धवलसर घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही लावा, आक्काताई नंतर पुसतील. एवढ्याशा गोष्टीसाठी चार महिने... आक्काताई, पुसायला काय होतंय हो?"

आक्काताई मशीनपाशी उभ्या होत्या. त्यांनी मशीन बंद केलं. चाक थांबू दिलं.

"मालक, माझा मालक गेला तवा दारात बायका जमल्या," त्या म्हणाल्या. "मी हात धरलं हुतं कपाळावर, असं. चौघींनी सोडिवलं. त्यात माझी सख्खी नणंद हुती. पदरानं पुसलं, निघंना म्हनून पानी लावून पुसलं. पुसायला काय होतंय ते मला म्हाईत हाय. मशीनचं मी पुसनार न्हाय. प्याकिंगला पाठिवनार हाय असं ऐकलंय मी. पाठवा."

त्यांना कळलं होतं तर! कारखान्यात कुठली गोष्ट लपते?

शिरोळ तालुक्यातल्याच एका गावानं पुढं असल्या चाली बंद करायचा ठराव केला, पेपरात फोटो आले होते. आक्काताईंचं त्याआधीच होऊन गेलं होतं. मी हे सगळं वाचलं होतं, पण ज्या बाईला रोज भेटते तिच्या कपाळाकडं कधी नीट बघितलं नव्हतं. मला स्वतःचा भयंकर राग आला आणि आक्काताईंची इतकी माया आली, की मी उगाचच पट्टी खिशात घालून परत बाहेर काढली.

आण्णा कागद तिथंच टाकून निघून गेले. धवलसरांनी एकदा त्यांच्या पाठीकडं आणि एकदा आक्काताईंकडं बघितलं.

"बघू मंगळवारी," ते म्हणाले.

"सर, डाग कधीपासून आला ते डेटानं सांगितलं. का आला ते त्यानं नाही सांगितलं."

"दीक्षा, बघू म्हटलं ना."

सोमवारची सुट्टी मी वाया घालवली. आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, तुला एवढं समजतंय तर असं काही कर की त्या बाईचंही राहील आणि म्हाताऱ्याचंही. मी म्हटलं, पाटावर बोटभर जागा खोल कोरून घेतली तर? कुंकू खड्ड्यात बसेल, प्लेट वर उचलली जाणार नाही. हिशेबानं बरोबर होतं. पण तो पाट बाहेरून कोरून आणायचा म्हणजे मशीन बंद ठेवायचं, आणि मंगळवार तर उद्यावर आलेला. मी कागदावर आकृती मात्र काढून ठेवली.

मंगळवारी गेले तर नवीन माणूस आधीच येऊन दारात उभा होता, हातात डबा, केसांना तेल. आक्काताई ग्राइंडिंगपाशी होत्या. त्यांनी मशीन नेहमीपेक्षा जास्त पुसून ठेवलं होतं. फक्त तो कोपरा तेवढा सोडून. जागा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची असली की माणूस ती अशी लावून ठेवतो.

आण्णा ताट घेऊन आले. लेथला लावलं, ड्रिलला लावलं, उदबत्ती ओवाळली. ग्राइंडिंगपाशी येऊन थांबले. ताट बाजूच्या स्टुलावर ठेवलं आणि बंडीच्या खिशातून कापडाचा बोळा काढला. घरूनच आणला असणार, रॉकेलचा वास येत होता. आण्णा पाटावर वाकले आणि स्वतःच्या हातानं ते कुंकू पुसायला लागले. सहजासहजी निघत नव्हतं. चार महिन्यांचं पूट होतं. धवलसर पुढं झाले तर आण्णांनी कोपरानं त्यांना मागं सारलं.

"मी लावलंय, मीच काढतो."

आक्काताईंनी तोंड फिरवलं होतं. पाट लख्ख झाला तेव्हा आण्णा सरळ झाले, बोळा खिशात घातला, हात धोतराला पुसला आणि ताट उचलून आक्काताईंच्या पुढं धरलं.

"लाव."

आक्काताईंना काही कळलं नाही. मलाही क्षणभर कळलं नाही.

"मी? न्हाय ओ आण्णा. मला चालत न्हाय."

"मला चालतंय. मशीन कोन चालिवतंय? मी का तू?"

"आज हाय. उद्याचं काय?"

आण्णांनी मान न वळवता विचारलं, "धवल, उद्याचं काय?"

धवलसरांनी नवीन माणसाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "त्यांना ड्रिलला घेतो," ते म्हणाले. "आक्काताई इथंच."

"आयकलंस? आता लाव. पाटावर नको, दीक्षाचा कागद बघितलाय मी. दुसरीकडं. मशीनचं कपाळ कुठं हाय ते तुला ठावं."

आक्काताई मशीनकडं खालून वर बघत गेल्या. आपलंच मशीन पहिल्यांदा बघत असल्यासारख्या. मग त्यांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. चाकावरच्या लोखंडी झाकणापर्यंत त्यांनी हात उंच नेला.

"हितं," त्या म्हणाल्या. "हितं पानी येत न्हाय, आनि खाली पाटीबी येत न्हाय."

त्यांनी बोट टेकवलं आणि लगेच उचललं नाही. कारखान्यात एकही मशीन सुरू नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि शेजारचा लेथवाला विनाकारण पाना शोधायला खाली वाकला. आण्णा "हां" एवढंच म्हणाले आणि ताट घेऊन पुढच्या मशीनकडं गेले.

त्यानंतर काम सुरू झालं. दुसरं काय होणार होतं? नवीन माणूस ड्रिलला गेला. धवलसर माझ्या खोलीत आले आणि आमचं दुसरं भांडण तिथं झालं. फिल्टर बंद ठेवा म्हणून मी हट्ट धरला, ते म्हणाले की मग खरी धूळसुद्धा खड्डा-टेकडी म्हणून येईल आणि चांगल्या प्लेटा नापास होतील. बरोबर होतं त्यांचं. धूळ बहुतेक वेळा धूळच असते. शेवटी ठरलं ते असं, की गाळायचं ते गाळा, पण जे फेकलं ते दुसऱ्या पानावर छापा, आणि ते पान मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय हिरवं ओके द्यायचं नाही.

"रोज बघशील? कंटाळशील," सर म्हणाले.

"बघते की," मी म्हटलं.

तेवढ्यात आक्काताई पहिल्या सहा प्लेटा घेऊन आल्या. कडांवर त्यांनी न सांगता आकडे घातले होते. सहावी प्लेट त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली आणि दारातच थांबल्या. आत यायचं की परत जायचं ते ठरत नसावं.

"हात धुतला नाही वाटतं," मी म्हटलं. त्यांच्या बोटाचं टोक अजून लाल होतं.

"न्हाय धुतला," त्या म्हणाल्या. "बोल, काय म्हननं हाय?"

प्लेट ओट्यावर ठेवताना दिसलं, तिच्या कडेवर, सहाच्या आकड्याशेजारी, लाल बोट उमटलं होतं. मोजणीच्या खोलीचा नियम माझाच आहे आणि भिंतीवर मीच चिकटवलाय, की मोजण्याआधी प्लेट सगळीकडून पुसून घ्यायची. मी कापड उचललं. आक्काताई दारातून बघत होत्या. कडेवर मणी टेकत नाही, तो वरच्या अंगावरच फिरतो. मी कापड खाली ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली.